शेळीच्या पायातलं घड्याळ

ज्या टीव्हीला पाठ नाही, ज्या गाडीला गिअर नाही आणि जो पुढारी गाडीची काच खाली करत नाही, त्यांच्याजवळ फार वेळ उभं राहू नये, असं आमच्या घरमालकीणबाईंचं मत होतं. मतं त्यांच्याकडे पुष्कळ होती आणि ती मागावी लागत नसत. मी मोजणी खात्यात बदली होऊन केजला आले, खोली बघायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा भाडं सांगायच्या आधी त्यांनी माझा मोबाईल हातात घेतला. उलटासुलटा करून बघितला.

"ह्याला बटनंच न्हाईत. मंग दाबलं का न्हाई दाबलं हे तुज्या बोटाला कसं कळतं?"

"खरं सांगायचं तर कधीकधी नाही कळत," मी म्हणाले.

"ऱ्हा मंग," त्या म्हणाल्या. "खरं बोलतीस." अशी मला खोली मिळाली. पुढे त्याच बाईंनी माझ्याकडून किती गोष्टी लपवून घेतल्या ते सांगेनच.

सगळं केज त्यांना बाई म्हणायचं. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण बाईंच्या तोंडी तो बाळ्याच होता. मला त्या 'मोजणी' म्हणायच्या. "ए मोजणी, च्या घेतीस का?" अशी हाक आली की दिवस बरा जाणार हे ठरलेलं. त्यांचा मूड ओळखायची एक खूण मला पहिल्याच महिन्यात सापडली. मनासारखं चाललं असलं की बाई गावच्यासारखं बोलायच्या, हाय-न्हाई करत. शुद्ध पुस्तकी मराठी सुरू झाली की समोरच्याने आपल्या चपला शोधायला लागावं.

त्यांच्याकडे एक जुनी, साईच्या रंगाची मोटार होती. गिअर स्टिअरिंगलाच, काचा हाताने फिरवायच्या, आणि बॉनेट इतकं जड की ते उघडायला शेजारच्या रशीदमामूंना बोलवायला लागायचं. मामूंचं गॅरेज भिंतीला भिंत लागून. "बिनगिअरची गाडी म्हंजी पाळणा," बाई म्हणायच्या. "त्यात झोपायचं असतंय. ती चालवली असं म्हणू न्हाई." हॉर्न मात्र त्या कधी वाजवायच्या नाहीत. गरजच नव्हती. निम्मं केज त्यांच्या हाताखालून गेलेलं. बाजारात पुढे उसाची ट्रॉली आडवी आली की बाई खिडकीतून डोकं काढायच्या आणि ओरडायच्या, "ए अंकुश्या! गाढवा, वर्गात बी दारातच बसायचास, अजून तसाच का?" की मिशा पिकलेला, नातवंडं झालेला अंकुश ट्रॅक्टर मुकाट मागे घ्यायचा.

राजकारणाबद्दल त्यांचा सिद्धान्त साधा होता. "माजे विद्यार्थी झाडून सगळ्या पक्षांत हायेत. म्हणून तर माजा एका बी पक्षावर इश्वास न्हाई." पुढाऱ्याची प्रगती त्या गाड्यांवरून सांगायच्या. मोटरसायकलवर असतो तोवर तो आपला. जीप घेतली की भावकीचा. मोठी पांढरी गाडी आली की तालुक्याचा, आणि गाडीच्या मागे गाड्या लागल्या की कुणाचाच नाही. कुणी पक्ष बदलला अशी बातमी आली की म्हणायच्या, "बाक बदलल्यानं पोरगं पास होत न्हाई."

एकदा नगरपंचायतीच्या निवडणुकीत त्यांचाच एक विद्यार्थी प्रचाराला आला. गल्लीत चार गाड्या शिरल्या. पुढच्या गाडीची काळी काच दोन बोटं खाली आली आणि आतून आवाज आला, "बाई, नमस्कार, लक्ष असू द्या."

बाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरला. "आपण कोण? मला केवळ कपाळ दिसते आहे."

शुद्ध मराठी ऐकून मागच्या गाडीतले दोघंतिघं त्यांचे विद्यार्थी असावेत, ते पटकन खाली उतरले. मग उमेदवारही उतरला, पाया पडला. बाईंनी विचारलं, "एका वेळी एकाच गाडीत बसता ना? मग तीन गाड्या रिकाम्या का फिरतात?"

"बाई, कार्यकर्ते असतात ना."

"कार्यकर्ते एष्टीनं यायचे तवा तुमी बरे व्हतात," बाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात मूठभर शेंगा ठेवल्या. गावची बोली परत आली म्हणजे माफी झाली होती. मत त्याला दिलं की नाही ते मात्र त्यांनी मलाही सांगितलं नाही.

आता व्हिडिओ गेमबद्दल. बाळ्या दहावीत असताना त्याने कुठूनतरी टीव्हीला जोडायचा गेम पैदा केला होता. बाईंनी तो जप्त केला. बाळ्या निकालानंतर परत मागायला लागला तेव्हा "बंबात घातला" असं सांगून विषय मिटवला. प्रत्यक्षात तो साड्यांच्या कपाटात होता. पोरगं शिकायला पुण्याला गेल्यावर एका दुपारी, 'काय एवढं असतंय त्यात ते बघावं' म्हणून बाईंनी तो जोडला. त्या दुपारपासून तो निघालाच नाही. पाठवाला जुना टीव्ही त्यासाठीच टिकवलेला. रोज जेवण झालं, भांडी झाली, की फोन डाळीच्या डब्यात टाकायचा, म्हणजे त्याची वटवट ऐकू येत नाही, आणि मांडी घालून बसायचं. रणगाड्यांचा खेळ त्यांचा आवडता. खाली मधोमध विटांचं एक घर, वरून रणगाडे येणार, घर वाचवायचं. बाकी लोक त्यात वर जाऊन शत्रू मारतात. बाई घराजवळून हलत नसत. "मारायची घाई कशाला? आपलं घर राखावं. त्ये आपसूक येत्यात आन मरत्यात." कॅसेट अडली की बाहेर काढायची, चुलीला फुंकावं तशी फुंकायची, परत घालायची. लगेच चालू.

"आताच्या वस्तूत फुंकाया जागाच ठेवीत न्हाईत," एकदा त्या म्हणाल्या. "बिगडली की पाठवा पुण्याला. उद्या मी बिगडले तर मला बी पुण्यालाच धाडतील."

ही मात्र गंमत नव्हती. बाई बिघडायला लागल्या होत्या. त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा गेला होता आणि ती नजर आता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही गोष्ट डॉक्टरांना, मामूंना आणि मला ठाऊक होती. मला त्यांनी देवासमोर शपथ घातली होती. बाळ्या कधीपासून त्यांना पुण्याला न्यायचं म्हणत होता, आणि डोळ्याचं कळलं की तो दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा करणार. त्याचं घर अकराव्या मजल्यावर होतं. बाई एकदा आठवडाभर राहून आल्या होत्या.

"तिथं मला कोण वळखतंय गं?" त्या म्हणाल्या. "लिफ्टमधी सगळे खाली बघत उभे. मी तिथं गाढवा म्हणू कुणाला?"

ऐकून मी हसले, आणि मग मला फार वाईट वाटलं. ह्या बाईला तिच्या गल्लीतून उचललं तर ती तिथे नुसती म्हातारी होऊन बसेल, हे मला लख्ख दिसत होतं.

बाळ्याचा दर रविवारी मला फोन यायचा. "आई गाडी काढते का हो?" मी म्हणायचे, "गाडी शेडमध्ये उभी आहे." ते खरंच असायचं, कारण आम्ही नुकत्याच अंबाजोगाईहून आलेल्या असायचो. मी शेजारी बसून डावीकडचं सांगायचे, "बैलगाडी, बाई, बैलगाडी! आता खड्डा." मोजणी खात्यात दोन भावांच्या बांधावर उभं राहून बोलायची सवय असते. खोटं बोलायचं नाही आणि कुणाच्याच बाजूने बोलायचं नाही.

आईला सांभाळायला बाळ्या पुण्याहून वस्तू पाठवायचा. एकदा बोलणारा डबा पाठवला, विचारलं की उत्तर देणारा. बाईंनी त्याला तीनदा काहीतरी विचारलं, तिन्ही वेळा तो म्हणाला, 'माफ करा, मला समजलं नाही.' बाईंनी त्याला उचलून बाहेर ओट्यावर ठेवला. "पहिलीतलं पोरगं बी दुसऱ्यांदी अंदाजानं उत्तर देतं. बस बाहीर." दिवसभर तो वर्गाबाहेर होता.

दिवाळीत घड्याळ आलं. आपण किती चाललो, ठोके किती पडले, पडलो तर पडलो कुठे, हे सगळं परस्पर बाळ्याच्या मोबाईलवर कळवणारं. सिम घड्याळातच. बाईंनी ते एक दिवस घातलं. ते तासातासाला हाताला गुदगुल्या करायचं आणि म्हणायचं, उठा, चाला.

"मला घंटा?" बाई म्हणाल्या. "आजवर घंटा मी वाजवली. शाळा मी भरवली, शाळा मी सोडली."

भिंतीवर मामूंची मुन्नी उभी होती. मुन्नी म्हणजे मामूंची शेळी. दिवसभर गल्ली फिरून ती शेवटी बाईंच्या कुंपणाच्या भिंतीवर चढून शेवग्याचा पाला खायची. बाईंनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "न्हाईतरी ही हिंडतीच. हिच्या हिंडण्याचं पुण्य लागू दे की मला."

मामूंनी पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दिलं. "बाईसाब, बकरी मेरी, घडी तुमारी. कुच हुआ तो मेरे कू मत बोलना," एवढं म्हणून त्यांनी ते मुन्नीच्या पुढच्या पायात बांधलं. रोज रात्री गॅरेजात ते चार्ज व्हायचं. पुण्यात बाळ्या खूश. आई या वयात त्याच्यापेक्षा जास्त चालते म्हणून त्याने ऑफिसात सांगितलं, लोकांनी तिथे टाळ्या वाजवल्या. केसाळ पायावरून घड्याळ ठोके कसे मोजायचं ते त्या घड्याळालाच ठाऊक.

हे असं सुखाने चाललं असतं. पण मामूंचे एक साडू सिरसाळ्याला. त्यांच्याकडे जातिवंत उस्मानाबादी बोकड. हिवाळ्यात एक दिवस मामूंनी मुन्नीला त्या कामासाठी टेम्पोत घालून सिरसाळ्याला पाठवली, आणि पायातलं घड्याळ काढायचं विसरले.

त्या दिवशी बाळ्याच्या मोबाईलवर जे जे आलं, ते त्याने मला नंतर दाखवलं. टेम्पोत चढायचं नाही म्हणून मुन्नीने भिंतीवरून उडी मारली असणार, म्हणून पहिला संदेश होता, आई पडल्या. लगेच दुसरा, आई पुन्हा पडल्या. मग आई टेम्पोच्या वेगाने धारूरचा घाट उतरून सिरसाळ्याकडे निघाल्या. तिथे एका शेतात थांबल्या. आणि दुपारी आईंच्या हृदयाचे ठोके एकाएकी भयंकर वाढले.

त्याने आईला फोन लावला. तो आदल्या दुपारपासून डाळीच्या डब्यातच राहिलेला. मला लावला. मी डोंगरातल्या एका शिवारात मोजणीला गेलेली, तिथे रेंजच नाही. मामूंचा नंबर त्याच्याकडे नव्हता. पण तो पहिल्या संदेशालाच पुण्याहून निघाला होता. बीडमार्गे थेट सिरसाळ्याला, मोबाईलमधल्या निळ्या ठिपक्याच्या मागे मागे.

मी संध्याकाळी फाट्यावर आले, रेंज आली आणि माझ्या फोनवर त्याच्या न लागलेल्या फोनचे संदेश एकामागोमाग वाजायला लागले. परत लावला तर तो उचलेना. जीपवाल्याला गाडी पळवायला लावून मी घरी आले, तर दारात बाळ्याची नवी कोरी, बिनगिअरची, छताला काच असलेली गाडी नुकतीच थांबत होती. मागच्या सीटवर मुन्नी उभी. मागच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही म्हणून गाडी टिंगटिंग करत होती, आणि सिरसाळ्यापासून तशीच करत आली होती. साडूंनी त्याला सोडलंच नव्हतं. "तुमी केजलाच चाललाव न्हवं? मंग हिला बी न्या. काम झालंय तिचं."

बाळ्या उतरला. शर्टाला लेंडी, चेहरा पांढराफटक. एका हातात दोरी. तो तडक आत गेला, त्याच्या मागे मुन्नी आणि तिच्या मागे मी.

बाई टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. चाहूल लागली तशा न वळता म्हणाल्या, "थांब मोजणी, घर पडायलंय."

"आई," तो म्हणाला.

बाई वळल्या. आधी लेकाकडे बघितलं, मग शेळीकडे, मग तिच्या पायातल्या घड्याळाकडे. सगळा प्रसंग त्यांना तिथल्या तिथे कळला असणार. मुन्नी शांतपणे टीपॉयवरचं वर्तमानपत्र खायला लागली. बाळ्याची नजर मात्र टीव्हीवर गेली होती.

"हा... हा माझा आहे," तो म्हणाला. "तू हा बंबात घातला होतास."

"हां."

"माझ्यादेखत धूर काढला होतास, आई!"

"त्या कापसाच्या पऱ्हाट्या व्हत्या."

मला हसू दाबवेना. पण बाळ्या तिथेच जमिनीवर बसला, आणि तो मोठा साहेब दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागला. "मला वाटलं तू गेलीस. बीडच्या पुढं मला रस्ता दिसेना. मी काय काय विचार करत आलोय ते तुला..."

बाईंनी टीव्ही बंद केला. अर्धा डाव सोडून उठताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "च्या टाक गं मोजणी."

सकाळी बाळ्याने आईच्या कपाटातून साड्या काढून पेटीत भरायला सुरुवात केली. आता ऐकणार नाही, आजच निघायचं. मला वाटलं, बाई शुद्ध मराठीत सुरू होतील आणि घर डोक्यावर घेतील. त्या गावच्याच बोलीत म्हणाल्या, "बस हितं. आपण युती करू."

"काय करू?"

"युती. दोघांनी बी कायतरी सोडायचं. आदी मी सोडते." आणि त्यांनी मोटारीची किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली. "डाव्या डोळ्यानं मला दिसत न्हाई. लई दिस झाले. मोजणीला ठाऊक हाय, तिला बोलायचं न्हाई, मीच शपथ घातलती."

बाळ्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं.

"आजपास्नं गाडी बंद. त्ये घड्याळ बी माज्या हातात घालते, काय घंट्या वाजवायच्या त्या वाजवू दे. आता तू सोड."

"मी काय सोडू?"

"मला न्यायचं सोड."

त्याने किल्ली उचलून मुठीत धरली. "आणि तुला काही झालं तर, आई?"

"झालं तर हितं मामू हायेत, ही हाय, निम्मं केज हाय. तुज्या अकराव्या मजल्यावर कोण हाय? लिफ्ट हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळ्या, म्हातारी तर मी कुठं बी व्हीन. हितं मी बाई हाय रे."

त्याने एक एक करून साड्या परत कपाटात ठेवल्या. नीट घड्या मोडू न देता. शेवटची साडी ठेवून झाल्यावर एकदम म्हणाला, "ठीक आहे. पण गेम मी नेणार. तो माझा आहे."

गाडी सोडताना बाईंचा चेहरा हलला नव्हता, तो आता हलला. "जप्तीचा माल हाय त्यो! निकाल बघून परत देईन म्हणलते. दहावीला गणितात किती पडलते तुला? सांग की मोजणीसमोर."

त्याचे कान लाल झाले. थोडा वेळ दोघंही हट्टाने एकमेकांकडे बघत बसले, आणि तेव्हा मला कळलं की हा मुलगा कुणावर गेलाय. मग त्याने वाकून गेमच्या दोन रिमोटपैकी एक उपसला आणि वायर गुंडाळली.

"एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दोघांनी खेळायचं असलं की मला यावं लागेल. दर महिन्याला येईन."

"ने," बाई म्हणाल्या.

बाळ्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या ओट्यावर उभ्या होत्या. मग चष्मा काढून पदराने डोळे पुसले.

"तुमच्या गाडीचं वाईट वाटतंय का, बाई?" मी विचारलं.

"लई," त्या म्हणाल्या. "पर ती जाणारच व्हती. जे जाणारच असतंय, त्येच मोठ्या मनानं सोडावं. माज्या पोरांनी मंत्रालयापोतर ह्याच्यावरच मजल मारलीय."

"रिमोटही गेला की पण."

"जाऊ दे की. त्याचं गोळीचं बटन चालतंय कुठं?" बाईंनी चष्मा परत चढवला. "पुढल्या महिन्यात यील, जोडंल, आन म्हणंल, आई, हे चालत न्हाई. मंग मामूकडं टाकू दुरुस्तीला."

आत जाता जाता त्या उंबऱ्यात थांबल्या.

"आन मामूला आत्ताच सांगून ये," त्या म्हणाल्या, "एका दमात नीट करायचं न्हाई म्हणावं."